पहिल्या धारेचं काय करायचं?

शहाद्याला मामांच्या ओट्यावर बसून मी त्यांना स्कॉटलंडचे फोटो दाखवत होतो. डोंगर, नदी, आमचा भिजून लोळागोळा झालेला तंबू, सगळं त्यांनी भराभर पुढे ढकललं. व्हिस्कीच्या भट्टीच्या फोटोवर मात्र बोट थांबलं.

"मंग, पहिल्या धारनी चाखी का नही?"

"मामा, तिथे पहिली धार पीत नाहीत. बाजूला काढतात."

"बाजूला? येडा शेतस का त्या?"

मामांचं काय चुकलं? अस्सल, कडक, भेसळ नसलेली कुठलीही गोष्ट मराठीत 'पहिल्या धारेची' असते. मग शेकडो वर्षं दारू गाळणारे लोक तीच धार का नाकारतात? मी जन्मभर विज्ञान शिकवलं, पण हा प्रश्न मलाही तिथे जाईपर्यंत पडला नव्हता.

मुलाबरोबर स्पे नदीच्या खोऱ्यात तंबू घेऊन हिंडत होतो. २००३ च्या कायद्याने स्कॉटलंडमध्ये बहुतेक मोकळ्या रानात, घरं आणि उभी पिकं टाळून, दोन-तीन रात्री मुक्काम करायला मुभा आहे. मिज नावाच्या चिलटांना मात्र कुठलाच कायदा लागू नाही, ती फोडून काढतात. या एका खोऱ्यात पन्नासच्या आसपास डिस्टिलऱ्या आहेत. आमच्या तंबूपासून चालत वीस मिनिटांवर एक होती. तिच्या गोदामांजवळच्या झाडांचे बुंधे काळेकुट्ट दिसले. वणवा लागून गेला असेल, असं मी मुलाला ठामपणे सांगितलं. ते साफ चूक निघालं.

व्हिस्की जवाची. जवाच्या दाण्यात साठा असतो तो स्टार्चचा, आणि यीस्टला स्टार्च खाता येत नाही. म्हणून जव भिजवून मोड आणायचे, नागलीच्या सत्त्वासाठी आपण आणतो तसेच. मोड येताना दाणा स्वतःच्या पोटासाठी विकरं, म्हणजे एन्झाइम, तयार करतो. कोंब थोडा वाढला की दाणे वाळवून त्याला तिथेच थांबवायचं, भरड दळायचं आणि साधारण ६४ अंशांच्या पाण्यात कालवायचं. विकरं स्टार्च तोडून साखर करतात. कारखाना दाखवणाऱ्या मुलीने ते पाणी चाखायला दिलं. गुळाच्या पाण्यात भाकरी कुस्करावी तशी चव.

आपल्या सातपुड्यातल्या मोहाला एवढी उठाठेव लागत नाही. होळीच्या सुमारास पहाटे झाडाखाली फुलांचा सडा पडतो. ती मांसल फुलं वाळली की वजनाच्या निम्म्याच्या आसपास साखरच असते. पाण्यात भिजत घातली की यीस्ट कामाला लागतं. स्कॉटलंडचा दाणा आणि आपलं फूल इथून पुढे एकाच वाटेने जातात: साखरेचं अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड. त्या मुलीने टाकीचं झाकण उचललं, मी हौसेने नाक आत घातलं आणि डोळ्यांत टचकन पाणी आलं. सोडा नाकात गेल्यावर होतं तसं, पण दसपट.

टाकीत तयार होतं ते आठेक टक्के अल्कोहोलचं आंबट पाणी. आता ते गाळायचं. इथे मला एक कबुली द्यायची आहे. अल्कोहोल ७८ अंशांना उकळतं, पाणी १०० ला, म्हणून आधी अल्कोहोल निघून जातं आणि पाणी मागे राहतं, असं मी वर्गात कित्येक वर्षं सांगितलं. तसं होत नाही. मिश्रण एकत्रच उकळतं, आठ टक्क्यांचं असेल तर ९३ अंशांच्या आसपास. वाफेत दोन्ही असतात, फक्त अल्कोहोलचा वाटा द्रवातल्यापेक्षा कितीतरी जास्त, सुरुवातीला जवळजवळ निम्मा. जसजसं अल्कोहोल उडून जातं तसतशी वाफ पाणचट होत जाते. म्हणजे पहिली धार सगळ्यांत कडक, शेवटची फिक्की. मामांचं शास्त्र इथवर बिनचूक. सगळी धार एकत्र केली की वीस-पंचवीस टक्के भरतात, म्हणून स्कॉटलंडमध्ये ती पुन्हा गाळतात आणि सत्तरीच्या आसपास नेतात.

लहानपणी अक्कलकुव्याकडच्या एका पाड्यावर मी मोहाची भट्टी पाहिली होती. (परवान्याशिवाय गाळणं गुन्हा आहे, हे सांगून ठेवतो.) चुलीवर मोठं मडकं, त्यात आंबलेला मोह. त्यावर बुडाला भोकं पाडलेलं दुसरं मडकं, त्याच्या आत एक वाडगं, आणि सगळ्यांत वर गार पाण्याचं पातेलं. सांध्यांना मातीचा लेप. वाफ वर चढायची, पातेल्याच्या बुडाला टेकून थेंब व्हायची आणि टपटप वाडग्यात पडायची. पातेल्यातलं पाणी तापलं की म्हातारी ते बदलायची आणि कितव्यांदा बदललं ते बोटांवर मोजायची. किती धार घ्यायची आणि कुठे थांबायचं, हे ती त्या मोजणीवरून ठरवत होती.

स्कॉटलंडच्या भट्टीवाल्याचं कामही तेच. त्याच्यासमोर पितळी चौकटीची कुलूपबंद काचपेटी असते. पूर्वी त्या कुलपावर अबकारी खात्याची नजर असे. पेटीतून धार वाहते आणि तो बाहेरून एक दांडा फिरवून ती या टाकीत की त्या टाकीत, हे ठरवतो. सुरुवातीच्या धारेत पाणी मिसळलं तर ती दुधाळ होते. आधीच्या खेपेच्या शेवटी नळ्यांना चिकटून राहिलेली तेलकट द्रव्यं कडक धारेत विरघळून येतात आणि पाणी पडताच बाहेर पडतात. शिवाय अ‍ॅसिटाल्डिहाइड, इथाइल अ‍ॅसिटेट अशी चटकन उडणारी, नेलपॉलिश रिमूव्हरसारख्या वासाची मंडळीही याच धारेत गर्दी करतात. पाणी घालूनही धार नितळ राहिली की दांडा फिरवायचा आणि मधली धार धरायची. ओल्या कुत्र्यासारखा वास यायला लागला की पुन्हा फिरवायचा. पहिली आणि शेवटची धार फेकत मात्र नाहीत, पुढच्या खेपेत परत ओततात. हे ऐकून मामांना जरा बरं वाटलं.

पहिल्या धारेत मिथेनॉल असतं, त्याने माणूस आंधळा होतो, म्हणून ती टाकतात, असंही बरेच जण सांगतात. मिथेनॉल ६४.७ अंशांना उकळतं, त्यामुळे ते पटतंही. पण पाणी भरपूर असलेल्या मिश्रणात मिथेनॉल पाण्याला धरून राहतं आणि पहिल्या धारेपासून शेवटापर्यंत थोडं थोडं येत राहतं. पहिली वाटी ओतून दिल्याने त्यापासून सुटका होत नाही. जवाच्या दारूत मुळात ते नगण्य असतं, कारण ते येतं फळांतल्या पेक्टिनमधून. २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला शंभरावर माणसं गेली, ती दारूच्या नावाखाली विकलेल्या मिथेनॉलमुळे. शरीरात त्याचं फॉर्मिक अ‍ॅसिड होतं आणि डोळ्यांच्या नसा आधी जातात.

भट्टीची भांडी तांब्याची असतात ती दिसायला छान म्हणून नव्हे. यीस्ट गंधकाची दुर्गंधी संयुगं तयार करतं, ती तांबं धरून ठेवतं. त्या पायी भांडं आतून झिजत जातं.

यानंतर ओकचं पिंप आणि किमान ३ वर्षं. दरवर्षी सुमारे २ टक्के माल लाकडातून उडून जातो. त्याला तिथे 'देवदूतांचा वाटा' म्हणतात. तो पहिल्यांदा मिळतो तो काळ्या बुरशीला: बॉडोइनिया कॉम्पनिआसेन्सिस. अल्कोहोलच्या वाफेवर पोसली जाणारी ही बुरशी भिंती, छपरं, झाडं सगळं काळं करते. फ्रान्समधल्या कोन्याक गावच्या बोदँ यांनी १८७२ मध्ये तिच्याकडे लक्ष वेधलं. आमचा 'वणवा' तो हाच.

देवदूतांचं ऐकून मामा म्हणाले, "आपला भिलाठीमा धरणीले आधी धार टाकतस. देवना वाटा पहिलाच काढी ठेवतस." मग थोडं थांबून, "आनि ते पिंप भुसावळले ठेवं तं?"

प्रश्न चांगला होता. स्कॉटलंडच्या दमट गारठ्यात पाण्यापेक्षा अल्कोहोल जास्त उडतं आणि ताकद घटते. कोरड्या उन्हाळ्यात उलट, पाणी जास्त उडतं आणि उरलेला माल आणखी कडक होऊ शकतो. बंगळुरूलाच ही घट वर्षाला दहा टक्क्यांच्या आसपास जाते, भुसावळच्या पंचेचाळीस अंशांत कमी कशी असेल? दहाच धरले तरी २०० लिटरच्या पिंपात दहा वर्षांनी ७० लिटर उरतात. स्कॉटलंडमध्ये १६३.

मामांनी मनातल्या मनात काहीतरी गुणाकार केला, मान हलवली आणि फोटो पुढे ढकलला. पुढे मेंढ्या होत्या.