एल्फिन्स्टन कॉलेजचा एल्फिन्स्टन आणि एल्फिन्स्टन रोडचा एल्फिन्स्टन

मुंबईला एल्फिन्स्टन आडनावाचे दोन गव्हर्नर लाभले आणि ते दोघे चुलते-पुतणे होते. कॉलेजला नाव आहे चुलत्याचं, माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनचं. एल्फिन्स्टन रोड स्टेशनला (आताचं प्रभादेवी) होतं पुतण्याचं, म्हणजे जॉन, तेरावा लॉर्ड एल्फिन्स्टन याचं. तरीही स्टेशनाच्या नामांतराचा विषय निघाला की पेशवाई बुडवणाऱ्या साहेबाचं नाव पुसलं गेलं, असं हमखास वाचायला मिळतं. ते चूक आहे. पेशवाई बुडाली तेव्हा स्टेशनवाला एल्फिन्स्टन दहा-अकरा वर्षांचा होता.

चुलता १७७९ साली जन्मला आणि १७९६ मध्ये कंपनीच्या नोकरीत हिंदुस्थानात आला. १८११ पासून तो पुण्यात दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारी रेसिडेंट, म्हणजे कंपनीचा प्रतिनिधी होता. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली, त्याच दिवशी संगमावरची रेसिडेन्सी जाळली गेली आणि त्याचा ग्रंथसंग्रहही त्यात गेला. पेशव्यांचा मुलूख ताब्यात आल्यावर तिथली व्यवस्था आधी त्यानेच लावली, मग १८१९ ते १८२७ तो मुंबईचा गव्हर्नर होता. पेशव्यांच्या दक्षिणा फंडातला (विद्वान ब्राह्मणांना द्यायच्या दक्षिणेचा) पैसा वापरून १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात सुरू झालेली संस्कृत पाठशाळा (पुढे तिचंच डेक्कन कॉलेज झालं) आणि १८२७ चा ‘एल्फिन्स्टन कोड’ हा कायदेसंग्रह ही दोन्ही याचीच.

कॉलेजची गोष्ट जरा लांबची आहे, आणि घोळाचं एक कारण तीच आहे. हा गव्हर्नर १८२७ मध्ये परत निघाला तेव्हा मुंबईकरांनी त्याच्या नावाने प्राध्यापकांच्या जागा निर्माण करायला वर्गणी काढली. दोन लाखांहून अधिक रुपये जमले. प्रत्यक्षात प्राध्यापक यायला १८३५ उजाडलं आणि सुरुवातीचे वर्ग टाउन हॉलमध्ये भरत. या संस्थेत शाळा आणि कॉलेज आधी एकत्र होते, ते १८५६ मध्ये वेगळे झाले. त्या वर्षी गव्हर्नर होता पुतण्या! त्यामुळे नुसतं ‘१८५६’ वाचलं की नाव त्याचंच असणार असं वाटतं. काळा घोड्याची आजची इमारत तर १८८० च्या दशकातली, दोघांच्याही मृत्यूनंतरची. म्हणून वास्तू कधी बांधली हे न पाहता नाव कधी आणि कशासाठी दिलं ते पाहायचं. दादाभाई नौरोजींनी ज्या संस्थेत गणित शिकवलं आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर जिथून १९१२ साली बी. ए. झाले, ती ही, चुलत्याच्या नावाची संस्था. आता ती डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठात आहे. नाव बदललेलं नाही.

पुतण्या १८०७ चा. वयाच्या सहाव्या वर्षी वडील वारले आणि ‘लॉर्ड’ ही पदवी त्याच्याकडे आली. इथे ओळखायची सगळ्यात सोपी खूण मिळते. माउंटस्टुअर्ट हा अकराव्या लॉर्डचा चौथा मुलगा, म्हणून पदवी थोरल्या भावाकडे आणि तिथून पुतण्याकडे गेली. माउंटस्टुअर्ट कधीच लॉर्ड नव्हता. मजकुरात नुसतं ‘लॉर्ड एल्फिन्स्टन’ असेल तर पुतण्या समजा, आणि ‘लॉर्ड माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन’ असेल तर लिहिणाराचा घोटाळा झाला आहे असं धरून बाकीचा मजकूरही तपासून घ्या.

हा लॉर्ड आधी १८३७ ते १८४२ मद्रासचा गव्हर्नर होता आणि डिसेंबर १८५३ ते मे १८६० मुंबईचा. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर-ठाणे गाडी धावली तेव्हा तो इथे नव्हताच. १८५७ च्या उठावात मुंबईचा कारभार याच्या हातात होता. चुलताही तेव्हा हयात होता, पण इंग्लंडमध्ये. तो १८५९ मध्ये वारला.

विषयावरून अंदाज बांधायचा म्हटलं तर तिथेही पाय घसरतो. शिक्षण म्हणजे चुलता, असं सरसकट धरता येत नाही, कारण १८५७ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाचा पहिला कुलपती गव्हर्नर या नात्याने पुतण्याच होता. बंदराकडची जमीन भरून काढणारी एल्फिन्स्टन लँड अँड प्रेस कंपनी १८५८ ची, म्हणजे पुतण्याच्या कारकिर्दीतली. टाउन हॉलसमोरचं एल्फिन्स्टन सर्कलही त्याच्याच नावाचं. १९४७ नंतर ते ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक बी. जी. हॉर्निमन यांच्या नावाने ओळखलं जाऊ लागलं. टाउन हॉलमध्ये पुतळे मात्र दोघांचेही आहेत, तेव्हा फोटोखाली नाव टाकण्याआधी चौथऱ्यावरचा लेख वाचावा. माउंटस्टुअर्टचा पुतळा चँट्रीने घडवलेला आहे.

एल्फिन्स्टन रोड स्टेशन जुलै २०१८ मध्ये प्रभादेवी झालं. त्यामुळे २९ सप्टेंबर २०१७ च्या पादचारी पुलावरच्या चेंगराचेंगरीच्या बातम्यांत जुनंच नाव सापडतं. जुन्या नावावरून कॉलेज जवळ असेल असं समजून कुणी तिथे उतरलं तर फसगत ठरलेली: प्रभादेवी लोअर परळ आणि दादरच्या मध्ये, तर कॉलेजला जायचं चर्चगेट किंवा सीएसएमटीहून.

इतिहास वाचणाऱ्यांना तिसराही एल्फिन्स्टन भेटतो: मेजर जनरल विल्यम, माउंटस्टुअर्टचा चुलतभाऊ. १८४२ मध्ये काबूलहून माघार घेताना ज्याच्या हाताखालची फौज कापली गेली, तो हा. घोळ होतो कारण माउंटस्टुअर्टनेही १८०९ मध्ये पेशावरला अफगाणिस्तानचा राजा शाह शुजा याची भेट घेतली होती आणि काबूलच्या राज्यावर १८१५ मध्ये ग्रंथही प्रसिद्ध केला होता. पण तो कंपनीचा वकील, म्हणजे राजदूत म्हणून गेला होता, काबूल शहरापर्यंत पोचलाच नाही, आणि १८४२ पर्यंत त्याला निवृत्त होऊन बरीच वर्षं लोटली होती.