उंटिणीच्या दुधाचे पनीर आणि चीज

मेंढ्यांचे कळप घेऊन विदर्भात फिरणाऱ्या कच्छी रबारी कुटुंबांसोबत उंटही असतात, त्यामुळे नागपूरकरांना हा प्राणी अगदीच अनोळखी नाही. २०१९ मध्ये अमूलने कच्छमधील उंटिणीचे दूध गुजरातच्या बाजारात बाटलीतून आणले. असे दूध हाती आले की त्याचे पनीर होईल का आणि चीज होईल का, हे दोन प्रश्न बहुधा एकच समजून विचारले जातात. वास्तविक या दोन पदार्थांत दूध अगदी वेगळ्या कारणांनी घट्ट होते आणि उंटिणीच्या दुधात तो फरक ठळकपणे समोर येतो.

पनीर करताना तापलेल्या दुधात लिंबाचा रस घातला की आंबटपणामुळे केसीन या प्रथिनाचे कण एकमेकांना चिकटतात आणि निवळी वेगळी होते. उंटिणीचे दूधही असे फाटते, मात्र त्याला गाईच्या दुधापेक्षा थोडा अधिक आंबटपणा लागतो. गाई-म्हशीच्या दुधात बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन नावाचे प्रथिन तापवल्यावर केसीनला जोडले जाते आणि चोथ्याचे प्रमाण वाढवते. उंटिणीच्या दुधात हे प्रथिन नसतेच. म्हणून चोथा कमी, मऊ आणि रवाळ निघतो. त्याच्या वड्या सावजी रश्श्यात टिकतील अशी अपेक्षा ठेवू नये. मीठ-जिरे लावून पोळीबरोबर खाण्यास तो अधिक योग्य, असे माझे मत आहे.

चीजचे गणित निराळे आहे. तेथे मुख्य काम रेनेटमधील, म्हणजे वासराच्या जठरातून मिळणाऱ्या दूध गोठवणाऱ्या अर्कातील, कायमोसिन हे विकर (एन्झाइम) करते. केसीनच्या कणांवर कापा-केसीनचे आवरण असते, ते कणांना परस्परांपासून दूर ठेवते. कायमोसिन ते छाटते आणि मगच दूध एकसंध गोठते. गाईच्या केसीनमध्ये कापा-केसीन सुमारे १३ टक्के, तर उंटिणीच्या केसीनमध्ये ३ ते ४ टक्केच असते. शिवाय त्याची छाटली जाणारी जागाही वेगळी असल्याने वासराच्या रेनेटने हे दूध फार सावकाश आणि दुबळे गोठते. या दुधाचे चीज होतच नाही, असा समज दीर्घकाळ राहिला तो यामुळेच. पश्चिम आफ्रिकेतील मॉरिटानिया या देशात नॅन्सी अबेदरहमान यांच्या तिविस्की डेअरीने ते करून दाखवले, ही या क्षेत्रातील मोठी कामगिरी मानायला हवी. पुढे उंटाच्या कायमोसिनचे जनुक बुरशीत घालून ते विकर कारखान्यात तयार होऊ लागले आणि अडचण बरीच दूर झाली. विशेष म्हणजे गाईचे दूधही ते वासराच्या विकरापेक्षा अधिक जोमाने गोठवते.

घरी करून पाहायचे असल्यास पनीरच निवडावे आणि लिंबाचा रस थोडा थोडा, ढवळत घालावा. कळपातून थेट आणलेले दूध आधी उकळणे अत्यावश्यक आहे, कारण कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस या जनावरांपासून माणसाला होणाऱ्या तापाच्या आजाराची लागण होऊ शकते. चीजसाठी मात्र उकळी टाळून दूध ६३ अंश सेल्सिअसवर ३० मिनिटे ठेवावे, कारण जास्त तापलेले दूध रेनेटने आणखीच कमी गोठते.