वेदनेचे शिल्प आणि परमानंदाचे शिल्प

खासबाग मैदानात चितपट झालेल्या मल्लाच्या आणि त्याच क्षणी कुस्ती मारलेल्या मल्लाच्या चेहऱ्यांचीच छायाचित्रे शेजारी ठेवली, तर जिंकले कोण हे सांगणे अवघड जाईल. टेनिसपटूंच्या छायाचित्रांवर झालेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हेच दिसले: केवळ चेहऱ्यावरून लोकांना हारजीत ओळखता आली नाही, शरीरावरून आली. मानवाकृती शिल्पांतही गल्लत चेहऱ्यापाशीच होते, कारण उघडे तोंड, मिटत आलेले डोळे आणि मागे कललेली मान वेदनेतही असते आणि परमानंदातही.

रोममध्ये १५०६ साली जमिनीखाली सापडलेल्या ग्रीक पुराणकथेतील पुरोहित लाओकोऊन याच्या शिल्पात साप कमरेजवळ चावतो आहे आणि सारे धड त्या जागेपासून दूर ओढ घेते. पोट आत गेले आहे, बरगड्या वर आल्या आहेत, हाताने सापाला आवळून धरले आहे. येथे शरीर प्रतिकार करते.

इटालियन शिल्पकार बर्निनीने १६४७ ते १६५२ या काळात घडवलेली, ईश्वरी साक्षात्कारात बुडालेली सोळाव्या शतकातील स्पॅनिश संत तेरेसा याच्या उलट आहे. देवदूताच्या हातात बाण असूनही ती स्वतःला सावरत नाही. एक हात आणि अनवाणी पाऊल निर्जीवासारखे लोंबते, आणि जी खळबळ अंगात दिसायला हवी ती शिल्पकाराने वस्त्राच्या चुण्यांत नेऊन ठेवली आहे. बर्निनीचे खरे कौशल्य मला तिच्या मुद्रेपेक्षा या चुण्यांत दिसते. अर्थात खुद्द तेरेसाने हा अनुभव सांगताना कण्हायला लावणारी वेदना आणि संपू नये असे वाटणारे माधुर्य यांचा एकत्रच उल्लेख केला आहे, त्यामुळे येथे वेदना नाहीच असे म्हणता येत नाही.

आपल्याकडे ही अडचण कमी येते. खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरावरील सुरसुंदरींचे, म्हणजे स्वर्गीय स्त्रियांच्या मूर्तींचे, मुख शांतच असते, भाव वाहून नेतो तो देहाचा बाक.

लाहोरच्या संग्रहालयातील गांधार शैलीतला उपोषित सिद्धार्थ मात्र दोन्ही कप्प्यांत बसत नाही. खपाटीला गेलेले पोट आणि त्वचेवर उमटलेल्या शिरा पाहून त्याला वेदनेचे शिल्प म्हणावेसे वाटते, परंतु पाठ ताठ आहे, हात मांडीवर स्थिर आहेत आणि प्रतिकार कोठेही नाही. त्याला परमानंद म्हणणेही चुकीचे ठरेल, कारण ही बोधिप्राप्तीपूर्वीची अवस्था आहे आणि देहदंडाचा हा मार्ग सिद्धार्थाने पुढे सोडून दिला.