गळावरील पिठाचे आमिष

गळावरील पिठाचे आमिष : गोड्या पाण्यातील मासे गळाने धरताना भिजवलेल्या पिठाची मऊ गोळी गळाला लावून ती प्रवाहात टिकवून ठेवण्याची पद्धत. नाशिक परिसरात गोदावरी, दारणा व कादवा या नद्यांवर आणि गंगापूर, दारणा या धरणांच्या जलाशयांकाठी ती रूढ आहे. रोहू, मृगळ, कटला, सायप्रिनस (कॉमन कार्प) आणि चिलापी हे मासे पिठाला येतात. मरळ व वाम यांना गांडूळ किंवा जिवंत आमिष लागते. त्यांचा विचार येथे केलेला नाही.

प्राचीनत्व : दख्खनमधील जुना सविस्तर दाखला म्हणून कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लास या संस्कृत ग्रंथातील मत्स्यविनोदाचे (गळाने मासे धरण्याच्या करमणुकीचे) प्रकरण पुढे केले जाते. ग्रंथाच्या काळाबद्दल एकमत नाही. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये या प्रकरणाचा परामर्श घेताना ११२७ हे वर्ष धरले. ते सोमेश्वराच्या राज्यारोहणाच्या सुमाराचे आहे. नंतरच्या काही लेखनात ११३१ च्या आसपासचा काळ दिला जातो. ग्रंथातच ज्योतिषगणितासाठी शके १०५१ (इ. स. ११२९) हे वर्ष आधाराला घेतलेले असल्याने रचना त्या वर्षी किंवा त्यानंतर लवकरच पुरी झाली असावी, हे मत अधिक सयुक्तिक वाटते.

कालनिर्णयापेक्षा अवघड प्रश्न आहे तो पुराव्याच्या अर्थाचा. माशांना घालायच्या खाद्यात तीळ, पीठ, भात यांच्या गोळ्यांचा उल्लेख येतो, म्हणून पिठाचे आमिष बाराव्या शतकापासून चालत आले असे म्हणण्याकडे कल असतो. पण मासे एका जागी जमावेत म्हणून पाण्यात टाकायचा चारा वेगळा आणि गळाला लावायचे आमिष वेगळे. चारा विरघळला तरी बिघडत नाही, किंबहुना तो विरघळलाच पाहिजे. आमिष विरघळले की गळ रिकामा. पहिल्याचा पुरावा दुसऱ्याला लावताना सावधगिरी हवी. शिवाय वर्णन राजाच्या करमणुकीचे आहे. त्या काळी नाशिकचा प्रदेश चालुक्यांचे मांडलिक असलेल्या सेऊण यादवांकडे होता, एवढ्या धाग्यावरून ते गोदाकाठच्या लोकव्यवहाराला जोडता येत नाही.

पीठ का टिकते : गव्हाच्या पिठात ग्लायडिन व ग्लुटेनिन ही प्रथिने असतात. पाणी घालून मळल्यावर त्यांचे ग्लुटेनचे चिवट जाळे तयार होते आणि स्टार्चचे कण त्यात अडकून राहतात. मळलेल्या कणकेची गोळी वाहत्या नळाखाली चोळली, तर आधी दुधासारखे पांढरे पाणी निघते आणि शेवटी हातात करड्या रंगाचा, रबरासारखा ताणला जाणारा चोथा उरतो. नदीत गळावर हेच संथपणे घडते : स्टार्च सुटत जातो, त्याबरोबर वास पसरतो आणि जाळे गळाला धरून राहते. म्हणून कणीक पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट भिजवून, भरपूर मळून अर्धा तास ओल्या फडक्याखाली ठेवणे हा टिकाऊपणाचा खरा पाया आहे. काठावर घाईने कालवलेले पीठ पाण्यात पडताच फुटते, ते यामुळेच.

मिठाने जाळे घट्ट होते. गूळ किंवा साखर जास्त झाली की कणीक सैल पडते. तेल सर्वांत घातक. करंजीच्या पारीत मोहन ज्यासाठी घालतात तेच, म्हणजे ठिसूळपणा, गोळीच्या वाट्याला येते. शेंगदाण्याच्या पेंडीची अडचण दुहेरी आहे : तिच्यात ग्लुटेन नाही आणि तेल थोडेफार असतेच, परंतु तिच्या वासाला मासे येतात, त्यामुळे ती सोडवत नाही. यावर उपाय म्हणजे पेंड बारीक चाळून मैद्यात मिसळणे व मैद्याचे प्रमाण निम्म्याच्या खाली जाऊ न देणे.

ज्वारी, बाजरी व नाचणी यांच्या पिठात ग्लुटेन नसते. ती कितीही मळली तरी प्रवाहात टिकत नाहीत. त्यांची उकड काढावी लागते. सुमारे ७० अंश सेल्सियसच्या पुढे स्टार्चचे कण पाणी शोषून फुगतात व चिकट होतात. निवल्यावर गोळा घट्ट बसतो. दक्षिणेत कावेरीवर खडसाच्या (महसीर) जातीच्या मोठ्या माशांसाठी नाचणीचा शिजवलेला गोळा वापरत, त्यामागे हेच तत्त्व आहे. नाशिककडे भाकरीचे पीठ घरोघरी असूनही गळासाठी बहुधा गहू किंवा मैदाच वापरला जातो.

कापूस पिंजून कणकेत मळण्याची युक्तीही प्रचलित आहे. तंतू गोळीला आतून बांधून ठेवतात. मात्र कापूस फार झाला तर ओढ दिल्यावर गळाचे टोक बाहेर येत नाही आणि मासा तोंडातली गोळी थुंकून निघून जातो. नीट मळलेल्या कणकेला कापसाची गरज क्वचितच पडते. हिंग, बडीशेप, वेलदोडा यांची भर चवीढवीची. टिकण्याशी तिचा संबंध नाही.

गळाला लावण्याची रीत : रोहू-मृगळाच्या जबड्यात दात नसतात, ते घशात असतात. मासा आमिष ओढून घेतो, चाचपतो, संशय आला तर फुंकून टाकतो. त्यामुळे गोळी पाण्याला दाद न देणारी आणि माशाच्या तोंडात मऊ अशी दोन्ही असावी लागते. बोटे ओली करून गळाच्या वाकापासून दांड्याकडे पीठ दाबत नेतात, दांडा पूर्ण झाकतात आणि वरचे टोक तंगुसाकडे (गळाच्या दोरीकडे) निमुळते करतात. पाणी आधी शिरते ते तंगूस आणि पीठ यांच्या सांध्यातून. तो सांधा चिमटून बंद केला नाही तर बाकीची मेहनत वाया. गळाचे टोक गोळीच्या पृष्ठभागाच्या अगदी खाली ठेवतात. गोळी फेकताना झटका न देता काठी खालून झुलवून सोडतात. चिलापीची पिल्ले टोचून टोचून गोळी संपवतात. तेथे पीठ आणखी घट्ट करण्यापेक्षा जागा बदललेली बरी.

तारेच्या स्प्रिंगभोवती पीठ दाबून तिच्याखाली आखूड दोरीने दोन-तीन गळ सोडण्याचा प्रकार जलाशयांवर दिसतो. त्यात पीठ हळूहळू विरघळावे अशीच अपेक्षा असते. म्हणून तो येथील व्याख्येत काटेकोरपणे बसत नाही.

प्रवाह : वेग दुप्पट झाला की गोळीवरचा पाण्याचा जोर साधारण चौपट होतो. नाशिकला हे पावसापुरते मर्यादित नाही. धरणातून आवर्तन सुटले की उन्हाळ्यातही पात्राचा स्वभाव तासाभरात बदलतो. अशा वेळी लहान गोळी, जड शिसे आणि खडकाआडचे संथ पाणी उपयोगी पडते. पावसाळ्यात गोदापात्रातील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला (नाशिककरांच्या पूरमापकाला) पाणी लागले की पिठाचा विषय उरत नाही.

निर्बंध : राज्यातील मासेमारीचे नियमन महाराष्ट्र मत्स्यव्यवसाय अधिनियम, १९६० नुसार होते. जलाशयांतील हक्क ठेक्याने, बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांना, दिलेले असतात. गोदावरी-कादवा संगमावरील नांदूर मधमेश्वर १९८६ पासून अभयारण्य असून २०२० मध्ये त्याला रामसर स्थळाचा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा) दर्जा जाहीर झाला; तेथे गळासह सर्व मासेमारीला वन्यजीव कायद्याचे नियम लागू होतात. पंचवटीच्या घाटांवर माशांना कणकेच्या गोळ्या श्रद्धेने टाकल्या जातात, त्या मात्र गळाविना.