घरची शिलाई मशीन : मांडणी, दोरा आणि चालवणं (बेळगाव सीमाभाग)

घरची शिलाई मशीन म्हणजे वरचा सुईचा दोरा आणि खालचा बॉबीनचा (दोरा गुंडाळायच्या छोट्या फिरकीचा) दोरा एकमेकांत अडकवून सरळ टाका घालणारं, घरात बसून चालवायचं यंत्र. पुस्तकात शिवणयंत्र लिहितात, पण बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी ह्या भागात नुसतं 'मशीन' म्हटलं तरी हीच समजतात. हातानं फिरवायची ती हातमशीन, पायानं चालवायची ती पायमशीन, आणि अलीकडं प्लास्टिक बॉडीची विजेवर चालणारी 'ऑटोमॅटिक' पण बऱ्याच घरात आलीय. इथं मुख्यतः काळ्या लोखंडी हेडची (म्हणजे सुई असलेल्या वरच्या भागाची) पायमशीनच धरलीय, कारण घरात ब्लाऊज-फॉल शिवून चार पैसे मिळवणाऱ्या बायकांकडं अजून तीच असते. आणि एक आधीच सांगायला पाहिजे, मशीन बिघडली म्हणून मिस्त्रीला फोन जातो तेव्हा बऱ्याचदा मशीन बिघडलेलीच नसते, सुई उलटी बसलेली असते नाहीतर दोरा कुठंतरी चुकलेला असतो, म्हणून ह्या नोंदीत मांडणी आणि दोऱ्यावरच जास्त लिहिलंय.

थोडा इतिहास

टोकाकडं भोक असलेली सुई आणि खाली शटल (वरच्या दोऱ्यात खालचा दोरा अडकवणारा भाग) अशा मशीनचं पेटंट अमेरिकेत एलियास हाऊनं १८४६ साली घेतलं, १८५१ साली आयझॅक सिंगरनं आपलं पेटंट घेतलं आणि पुढं सिंगरच्या मशीनी हप्त्यावर विकत जगभर गेल्या, भारतातही त्या एकोणिसाव्या शतकातच आल्या. देशी मशीन म्हणून नाव झालं ते उषाचं, कोलकात्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सनं १९३० च्या दशकात ती काढली. बाकी बऱ्याच ब्रँडची हेडं आणि सुटे भाग पंजाबातल्या लुधियान्यातून येतात.

बेळगावशी ह्याचा एक गमतीचा धागा आहे. डिसेंबर १९२४ मध्ये टिळकवाडीत काँग्रेसचं अधिवेशन भरलं, गांधीजी अध्यक्ष झाले ते हे एकमेव अधिवेशन, आणि त्याच्या थोडंच आधी यंत्रांविषयीच्या एका मुलाखतीत त्यांनी सिंगरच्या शिलाई मशीनला अपवाद म्हणून सूट दिली होती. बायकोचे शिवताना होणारे कष्ट बघून सिंगरनं प्रेमापोटी ती बनवली, असं त्यांचं म्हणणं. सिंगरचा खरा संसार, एकाच वेळी चाललेली दोन-तीन घरं नि वीसावर पोरं बघितली तर ही गोष्ट जरा भाबडीच वाटते, पण मशीन उपयोगाची आहे ह्याबद्दल कुणाचं दुमत नसावं.

टाका कसा पडतो

हे समजलं की निम्मे प्रॉब्लेम आपोआप कळतात. सुई दोरा घेऊन कापडातून खाली जाते, अगदी तळाला जाऊन किंचित वर येते, साधारण दोन-अडीच मिलीमीटर, आणि तेवढ्या वर येण्यानं सुईच्या पाठीमागं दोऱ्याचा छोटा फुगा तयार होतो. त्याच क्षणी शटलचं टोक त्या फुग्यात शिरतं, दोरा ओढून बॉबीन केसच्या (बॉबीन ठेवायच्या डबीच्या) भोवती फिरवतं, म्हणजे वरचा दोरा खालच्या दोऱ्याला वेढा घालून येतो. मग वर जी दांडी सारखी वरखाली होत असते ती जास्तीचा दोरा खेचून घेते आणि गाठ कापडाच्या मधोमध बसते. सुई कापडाबाहेर आली की फूटाखालचे (कापड दाबून धरणाऱ्या पट्टीखालचे) दाते कापड एक टाकाभर मागं सरकवतात. सुई थोडी जरी वाकडी असली किंवा पूर्ण वर न बसवता खाली राहिली तर फुगा शटलच्या टोकाला गावतच नाही आणि टाका सुटतो, इतकं ते बारीक काम आहे.

मांडणी

स्टँडचे चारी पाय जमिनीला टेकले पाहिजेत. फरशीवर प्रश्न नसतो, शेणानं सारवलेल्या जमिनीत मात्र मशीन हलते, पायडल धडधडतं आणि मग आवाज हेडमधनं येतोय असं वाटत राहतं, एका पायाखाली लाकडाची चपटी पट्टी सारली की गप्प. उजेड डाव्या बाजूनं यावा. बसायला खुर्चीपेक्षा स्टूल बरं, आणि पाय दोन्ही पायडलवर, एक जरा पुढं एक जरा मागं.

पट्टा चामड्याचा असतो, खालच्या मोठ्या चाकावरून वरच्या चाकावर जातो आणि दोन टोकं तारेच्या कडीनं जोडलेली असतात. बोटानं दाबला तर थोडा दबला पाहिजे. फार ताणला तर पायडल जड जातं, पाय दुखतात, ढिला असला तर खालचं चाक फिरतंय नि वरचं जागेवरच असं होतं.

नवीन शिकणारीनं पहिल्यांदा दोरा लावूच नये. आधी वरच्या चाकाच्या मधला मोठा गोल स्क्रू ढिला करून नुसतं पायडल मारायचं, म्हणजे चाक फिरतं पण सुई हलत नाही. वरचं चाक नेहमी आपल्याकडं फिरलं पाहिजे. सुरुवात उजव्या हातानं चाकाला आपल्याकडं ओढून करायची आणि पायानं ती लय धरायची, पाय चुकला की चाक उलटं जातं, मग दोरा तुटतो नाहीतर शटलमध्ये गुंता होतो. हे जमलं की वहीच्या रेघांच्या कागदावर बिनदोऱ्याची सुई चालवायची. कागदावर चालवलेली सुई बोथट होते, कापडाला दुसरी लावायची.

सुई आणि दोरा

घरच्या मशीनच्या सुईची मूठ एका बाजूनं सपाट असते आणि दांड्याला एका बाजूनं लांब खाच असते. नियम एकच, खाच त्या बाजूला जिकडून दोरा सुईत शिरतो, सपाट बाजू त्याच्या उलट. सुई वर पूर्ण टेकेपर्यंत सारून मगच स्क्रू आवळायचा. पाकिटावर ९०/१४ असं लिहिलेलं असतं, त्यातला ९० म्हणजे सुईची जाडी ०.९० मिलीमीटर आणि १४ हा जुना नंबर, दुकानात हाच मागतात. रेशमी किंवा पातळ साडीच्या फॉलला ११, साध्या सुती ब्लाऊजला १४, जीन्स किंवा पिशव्यांना १६-१८. इकडं इरकल साडीवर गुळेदगुड्डचा खण घालायची पद्धत आहे, त्या खणाला १४ नंबर चालतो पण कापल्यावर कडा सुटत जातात, म्हणून कापून झाल्या झाल्या कडेनं एक टाका मारून घेतलेला बरा.

वरचा दोरा रिळावरून, कड्यांमधून, टेन्शनच्या (दोऱ्याला ताण देणाऱ्या) दोन चकत्यांच्या मधून, तिथल्या छोट्या स्प्रिंगला अडकून, वरखाली होणाऱ्या दांडीच्या भोकातून, आणि मग खाली सुईत. दोरा लावताना फूट वर उचललेला पाहिजे, हे फार जणी करत नाहीत. फूट खाली असला की चकत्या मिटलेल्या असतात, दोरा वरच्यावर राहतो आणि त्याला ताणच लागत नाही.

बॉबीन भरताना चाकाच्या मधला तोच स्क्रू ढिला करायचा, आणि भरून झाल्यावर आवळायचा. तो आवळायचा विसरला की पायडल चालू, चाक चालू, सुई मात्र ढिम्म. बॉबीन काठोकाठ भरू नये. केसमध्ये बसवताना दोरा फटीतून पत्रीच्या स्प्रिंगखाली यायला पाहिजे, मग केस दोऱ्याला धरून लोंबकळत सोडायची, आपोआप घसरत खाली गेली तर ढिली, झटका दिल्यावर थोडी उतरून थांबली तर बरोबर. सुई सगळ्यात वर आणून केस शटलमध्ये घालायची, 'टक' वाजलं पाहिजे, वाजलं नसेल तर ती बसलेली नाही, सुई त्याच्यावर आपटून मोडणार. मग वरचा दोरा डाव्या हातात धरून चाक एकदा फिरवायचं, खालचा दोरा फासासारखा वर येतो, दोन्ही दोरे फूटाखालून मागं घ्यायचे, चार बोटं तरी.

शिवताना

कापड मागनं ओढायचं नाही. दाते आपोआप नेतात, हातानं नुसती दिशा द्यायची, ओढलं की सुई वाकते आणि खालच्या पत्र्यावर आपटते. कोपऱ्यावर सुई कापडात ठेवून फूट उचलायचा, कापड वळवायचं, फूट टाकायचा. टाक्याची लांबी पुढच्या दांडीनं कमीजास्त होते, नेहमीच्या शिलाईला इंचाला १० ते १२ टाके ठीक. मोठ्या टाक्याची शिलाई फक्त कच्च्या जोडणीला. वाकळ मात्र ह्या मशीनवर शिवायच्या फंदात पडू नये, जुन्या लुगड्यांचे चार-पाच थर फूटाखाली जेमतेम शिरतात आणि दाते ते ओढत नाहीत, ती हातानंच घालायची चीज आहे.

गडबड झाली तर

खालच्या बाजूला दोऱ्याचा गोळा होत असेल तर सगळे बॉबीनला शिव्या देतात, पण दोष वरच्या दोऱ्याचा असतो, ताण कमी आहे नाहीतर दोरा चकत्यांत बसलेलाच नाही. कापडाच्या वरच्या बाजूला खालचा दोरा ठिपक्यांसारखा दिसत असेल तर वरचा ताण जास्त. वरचा दोरा सारखा तुटतोय तर सुई उलटी, भोकाला चरा, किंवा जुनाट कुजका दोरा. मिस्त्री फोनवरच "अक्का, आधी सुई बदला की" म्हणतात ते टाळायला म्हणून नव्हे. टेन्शनचा स्क्रू फिरवणं हा शेवटचा उपाय, आणि बॉबीन केसच्या बारक्या स्क्रूला तर हातच लावू नये, लावलाच तर पाव फेऱ्याच्या वर नाही.

तेलाच्या बाबतीत हवामान बघावं लागतं. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडं पावसाळ्यात भिंतीसुद्धा ओल्या असतात, तिथं सुईचा दांडा आणि शटल गंजतं, फळी फुगते, चामड्याचा पट्टा दमट हवेत ढिला पडतो. अथणी-रायबागकडं उलट, कोरडी धूळ तेलात मिसळून काळा चिकट थर होतो. तेल मशीनचंच वापरायचं, पातळ पांढरं. खोबरेल घातलं की थंडीत गोठतं, गोडेतेलाचं काही दिवसांनी डिंक होतो आणि मशीन जाम. दोन्हीकडं भोकाभोकांत एकेक थेंब, मग बिनदोऱ्याची थोडी चालवायची आणि चिंधी शिवून जास्तीचं तेल पुसून घ्यायचं, नाहीतर पहिला डाग गिऱ्हाइकाच्या ब्लाऊजला. दात्यांखाली साठलेली कापडाची लव पत्रा काढून ब्रशनं झाडायची.

मोटर की पाय

काळ्या हेडला बाजूनं छोटी मोटर बसवता येते, साधारण १०० वॉटच्या आतली, बिल फारसं येत नाही. काम जास्त असेल तर बसवावी, पण पायडल आणि पट्टा काढून टाकू नये, हेस्कॉमची (इथल्या वीज कंपनीची) लाईट गेली की तेच कामाला येतं. शिकताना मोटर नकोच, वेग हातात राहत नाही.

मशीन घेण्यासाठी केंद्राची पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली, त्यातल्या १८ कामांत शिंपीकाम आहे, प्रशिक्षण मिळतं आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत व्हाउचर मिळतं, शिवाय ५ टक्के व्याजानं पहिल्या टप्प्यात १ लाखापर्यंत कर्ज. व्हॉट्सॲपवर फिरणारी 'प्रधानमंत्री फ्री सिलाई मशीन योजना' वेगळी, ती खोटी असल्याचा खुलासा केंद्र सरकारच्या माहिती कार्यालयानं, पीआयबीनं केलाय, त्या लिंकवर आधार नंबर देऊ नये. जुनी मशीन घेत असाल तर रंग आणि सोनेरी नक्षी बघू नका, चाक हातानं हळू फिरवा, मध्येच कुठं अडतंय का बघा, सुईचा दांडा धरून हलवा, डुलत असेल तर झिजलेली आहे, आणि विकणाऱ्यासमोरच एक चिंधी शिवून दोन्ही बाजूंचा टाका बघून मगच पैसे द्या.