नागपुरात पीएचडीला अर्ज करताय? बॉटनी असो की टॅक्स लॉ, आधी हे बघून घ्या

पीएचडीचं नोटिफिकेशन आलं रे आलं की तेच प्रश्न सुरू होतात, पेट (विद्यापीठाची पीएचडी प्रवेश परीक्षा) द्यावीच लागते का, नेट (राष्ट्रीय पात्रता परीक्षा) चालते का, गाईड आधी शोधायचा की नंतर, आणि उत्तरं देणारे अर्धे लोक अजून २०१६ च्या नियमांवरच बोलत असतात. राजेहो, ते नियम जुन्या रजिस्ट्रेशनवाल्यांसाठी. नवीन अर्जाला युजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, नोव्हेंबर २०२२ चे नियम लागतात आणि राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ असो की दुसरं कुठलं, सगळ्यांना आपापलं डायरेक्शन (विद्यापीठाचे स्वतःचे पीएचडी नियम) त्याच चौकटीत बसवावं लागतं. तारखा, फी आणि सीट मात्र दरवेळच्या नोटिफिकेशनमध्येच बघायच्या, मागच्या वर्षीची पीडीएफ कुणी फॉरवर्ड केली तर ती उघडूसुद्धा नका.

पात्रता सरळ आहे. तीन वर्षांची पदवी आणि दोन वर्षांचं मास्टर्स, किंवा चार वर्षांची पदवी आणि एक वर्षाचं मास्टर्स, त्यात किमान ५५ टक्के. एससी, एसटी, नॉनक्रिमीलेयर ओबीसी, दिव्यांग, ईडब्ल्यूएस यांना ५ टक्के सूट. नुसत्या चार वर्षांच्या पदवीवरही येता येतं, पण तिथं ७५ टक्के लागतात (सूट तिथंही तेवढीच). ५४.८ म्हणजे ५५ नाही, वरच्या आकड्याला नेऊन कोणी देत नाही. मार्कशीटवर सीजीपीए असेल तर टक्क्यात रूपांतराचं पत्र तुमच्या जुन्या विद्यापीठाकडून आधीच घेऊन ठेवा, स्वतः दहाने गुणून फॉर्ममध्ये टाकू नका. वयाची अट युजीसीच्या पीएचडी नियमांत नाही. लोक जे ३० वर्ष ३० वर्ष म्हणतात ते युजीसी नेटच्या जेआरएफचं (संशोधनाच्या फेलोशिपचं) आहे, आणि त्यातही महिला आणि राखीव गटांना ५ वर्षांची सूट असते.

आता नेट की पेट. जून २०२४ पासून नेटचा निकाल तीन गटांत लागतो. पहिला जेआरएफ आणि असिस्टंट प्रोफेसर, दुसरा असिस्टंट प्रोफेसर आणि पीएचडी प्रवेश, तिसरा फक्त पीएचडी प्रवेश. दुसऱ्या-तिसऱ्या गटात आलात तर नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन, आणि पीएचडी प्रवेशासाठी हा स्कोर एकच वर्ष चालतो, हे बरेच जण विसरतात कारण असिस्टंट प्रोफेसरची पात्रता कायमची असते. विद्यापीठ स्वतःची पेट घेत असेल तर पेपर अर्धा रिसर्च मेथडॉलॉजीचा आणि अर्धा विषयाचा, ५० टक्के मिळाले तरच मुलाखत, राखीव गटांना इथंही ५ टक्के सूट. बॉटनी-फिजिक्सवाल्यांनी हे लक्षात घ्या की तुमचं नेट सीएसआयआरचं (विज्ञान विषयांसाठीचं वेगळं नेट) असतं, बॉटनी लाइफ सायन्सेसमध्ये आणि फिजिक्स फिजिकल सायन्सेसमध्ये, आणि तिथं निगेटिव्ह मार्किंग आहे. इकॉनॉमिक्स, मराठी, लॉ यांचं युजीसी नेट, तिथं निगेटिव्ह नाही, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही.

पण खरा अडथळा परीक्षा नाहीच. खरा अडथळा गाईड. प्रोफेसरकडे एका वेळी ८, असोसिएटकडे ६, असिस्टंटकडे ४ विद्यार्थी, यापेक्षा जास्त घेता येत नाहीत, आणि ज्यांच्या रिटायरमेंटला तीन वर्षांहून कमी राहिले ते नवीन विद्यार्थी घेऊ शकत नाहीत. म्हणजे ज्या सरांच्या नावावर तुम्ही दोन वर्षं डोळा ठेवून बसलात त्यांची रिटायरमेंटची तारीख आधी विचारा, लाजू नका. अमरावती रोडच्या कॅम्पसमधले विभाग भरले असतील तर कॉलेजांमधली रिसर्च सेंटरं बघा, विद्यापीठाचं क्षेत्र नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया असं चार जिल्ह्यांचं आहे, नुसतं शहर धरून बसू नका. पेट निघाली पण गाईड नाही असे लोक नागपुरात ढिगाने सापडतील, म्हणून परीक्षेची तयारी आणि गाईडशी बोलणं हे सोबतच चालू द्या.

कागदपत्रांचं बघू. दहावी, बारावीच्या मार्कशीट, पदवी आणि मास्टर्सच्या सगळ्या सेमिस्टरच्या, डिग्री किंवा प्रोव्हिजनल, टीसी, दुसऱ्या विद्यापीठातून येत असाल तर मायग्रेशन, आधार, फोटो, सही, नेट-सेटचं सर्टिफिकेट असेल तर ते. हे सगळ्यांकडे असतं. अडकतं ते पुढच्यात. जातीचा दाखला आहे पण व्हॅलिडिटी नाही, नॉनक्रिमीलेयर आहे पण ३१ मार्चला संपलं, ईडब्ल्यूएसचं तर एकाच वर्षापुरतं असतं. नॉनक्रिमीलेयर दोन काढा, एक राज्याच्या नमुन्यात विद्यापीठासाठी आणि एक केंद्राच्या नमुन्यात नेटसाठी, कारण नेट घेणाऱ्या एनटीएला राज्याचं चालत नाही आणि जातही केंद्राच्या ओबीसी यादीत असावी लागते. आपले सरकारवर अर्ज टाकून दे आणि विसरून जा असं करू नका, ॲडमिशनच्या सीझनला सेतूत काय गर्दी असते ते सांगायला नको. लग्नानंतर नाव बदललं असेल तर मॅरेज सर्टिफिकेट आणि गॅझेट दोन्ही फाईलला लावा, मार्कशीटवर एक नाव आणि आधारवर दुसरं असलं की क्लार्क तिथंच थांबतो आणि त्याचं चुकतही नाही.

नोकरीवाल्यांना पार्टटाइम पीएचडी करता येते, पण एनओसी कशीही चालत नाही. त्यात तीन गोष्टी लिहिलेल्या असाव्या लागतात: पार्टटाइम करायला परवानगी आहे, ड्युटी सांभाळून संशोधनाला पुरेसा वेळ मिळेल, आणि गरज पडली तर कोर्सवर्कसाठी (प्रवेशानंतरच्या सक्तीच्या अभ्यासक्रमासाठी) सोडण्यात येईल. बहुतेक ऑफिसं पहिलं वाक्य लिहून 'हरकत नाही' असा शिक्का मारून देतात. तिसरं वाक्य लिहून घ्यायला साहेबांच्या मागे लागावं लागतं, पण लागा, नंतर सुट्टीवरून भांडण होण्यापेक्षा बरं.

आणि आता विषयानुसार, कारण फॉर्म एकच असला तरी प्रत्येक विषयाचा स्वतःचा एक कागद असतो जो नोटिफिकेशनच्या यादीत सापडणार नाही.

बॉटनीत तो म्हणजे जंगलाची परवानगी. पेंच, उमरेड-कऱ्हांडला अशा संरक्षित क्षेत्रात नमुने गोळा करायचे असतील तर वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते, संशोधनासाठी ती देण्याची तरतूद कायद्यातच आहे. त्यांचं ऑफिस आपल्याच गावात, राज्याचं जैवविविधता मंडळही इथंच, म्हणजे पुण्या-मुंबईच्या पोरांपेक्षा आपण सुखी. अर्जात कोणती रेंज, कोणते महिने, कोणत्या प्रजाती, किती नमुने हे नेमकं लिहा. 'विविध वनस्पतींचा अभ्यास' असं लिहिलं की प्रश्न परत येणारच. पावसाळी गवतांवर काम असेल आणि परवानगी नोव्हेंबरात आली तर एक सीझन गेलाच समजा, म्हणून सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) मंजूर झाली की त्याच आठवड्यात हा अर्ज टाका. नमुने परदेशातल्या लॅबला पाठवायचा विचार असेल तर त्याआधी चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचे नियम बघा.

फिजिक्सवाल्यांचं दुखणं म्हणजे मशीन. एक्सआरडी (एक्स-रेने पदार्थाची रचना तपासणं) कुठं करणार, लो टेम्परेचरचं कुठं, हे मुलाखतीत विचारतात. दुसऱ्या संस्थेतल्या लॅबवर बरंच काम अवलंबून असेल तर तिथला को-गाईड घेता येतो, नियमात बसतं, फक्त मंजुरी आणि त्यांचं संमतीपत्र हवं. एवढंच.

इकॉनॉमिक्समध्ये शाश्वत विकास हा शब्द सध्या प्रत्येक दुसऱ्या सिनॉप्सिसवर असतो आणि समितीतले लोक तो वाचून वाचून कंटाळलेले असतात. 'विदर्भातील शाश्वत शेतीचा आर्थिक अभ्यास' हे शीर्षक पडणार. त्याऐवजी 'काटोल आणि नरखेड तालुक्यांतील संत्रा बागायतदारांचा सिंचन खर्च आणि भूजल वापर' असं लिहिलं तर गाव, पीक, खर्च, पाणी सगळं दिसतं, आणि डेटा कुठून आणणार हेही सांगता येतं. शेतकऱ्यांच्या मुलाखती घेणार असाल तर मराठीतली प्रश्नावली आणि संमतीपत्राचा नमुना सिनॉप्सिसलाच जोडा.

साहित्यवाल्यांना वाटतं आपल्याला काही परवानगी लागत नाही. हस्तलिखितांवर काम असेल तर लागते, महानुभाव पोथ्या असोत की कुणाच्या घरचा जुना पत्रव्यवहार, ज्याच्याकडे आहे त्याचं लेखी पत्र घ्या, तोंडी होकारावर तीन वर्षांचं काम उभं करू नका. आणि शोधगंगावर (देशातल्या थिसिसच्या ऑनलाइन संग्रहावर) आपला विषय टाकून बघा, मगच शीर्षक ठरवा.

टॅक्स लॉचा घोळ फॅकल्टीपासूनच सुरू होतो. एलएलएम असेल तर लॉमध्ये, एमकॉम असेल तर कॉमर्समध्ये, सीए मित्राचं ऐकून भलतीकडे अर्ज टाकू नका. दुसरं म्हणजे आयकर कायदा २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू, १९६१ चा कायदा त्याने बदलला, त्यामुळे सिनॉप्सिसमध्ये कलमांचे आकडे कोणत्या कायद्याचे ते स्पष्ट लिहा, तुलना करायची असेल तर दोन्ही लिहा. खरं सांगायचं तर विषय शोधणाऱ्यांसाठी यापेक्षा चांगला काळ नाही, आणि हायकोर्टाचं खंडपीठ, आयकर अपिलीय न्यायाधिकरणाचं बेंच, छिंदवाडा रोडची प्रत्यक्ष कर अकादमी, सगळं याच शहरात आहे. तिथं काम करायचं तर विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र सोबत ठेवा.

प्रवेश झाला की कोर्सवर्क, किमान १२ क्रेडिट, त्यात रिसर्च अँड पब्लिकेशन एथिक्स सक्तीचं, ५५ टक्के लागतात. एकूण मुदत कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त ६ वर्षं, री-रजिस्ट्रेशनने आणखी २, महिलांना आणि ४० टक्क्यांवर दिव्यांगत्व असलेल्यांना त्यावर अजून २. महिलांना बाळंतपण किंवा बालसंगोपनासाठी पूर्ण काळात एकदा २४० दिवसांपर्यंत रजाही आहे, मागायला संकोच करू नका.

फेलोशिपचा अर्ज वेगळा असतो, तो पीएचडीच्या फॉर्ममध्येच होतो असं समजू नका. त्या देणाऱ्या राज्य सरकारच्या संस्था अशा: ओबीसी, व्हीजेएनटी, एसबीसीसाठी महाज्योती, तिचं मुख्य ऑफिस नागपुरातच आहे, एससीसाठी बार्टी, मराठा-कुणबीसाठी सारथी. अर्ज सुटले की रजिस्ट्रेशनचं पत्र मागतात, म्हणून त्या पत्रावरचं नाव, विषय आणि तारीख मिळाल्या मिळाल्या तपासून घ्या.

थिसिस देताना प्लेजरिझम (दुसऱ्याचा मजकूर उचलणं) तपासल्याचा रिपोर्ट लागतो, युजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर कारवाई नाही. संदर्भ देऊन केलेली अवतरणं, कायद्याची कलमं, प्रमाणित समीकरणं ही मोजणीतून वगळायची असतात, म्हणजे लॉ, फिजिक्स आणि साहित्य तिघांनाही दिलासा, पण रिपोर्ट काढणाऱ्याला ते सांगावं लागतं, नाहीतर आकडा उगाच फुगतो. व्हायवा झाल्यावर प्रोव्हिजनल घ्याल तेव्हा त्यावर 'युजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार पदवी' असा उल्लेख आहे का ते खिडकीतच बघा, कॉलेजच्या भरतीत पहिलं तेच मागतात.