सिरॅमिक लावलेला सेपरेटर आणि सिरॅमिक भरलेला सेपरेटर: कण नेमका बसलाय कुठे?

लिथियम बॅटरीबद्दल वाचताना 'सिरॅमिक सेपरेटर (दोन इलेक्ट्रोडना वेगळं ठेवणारा पातळ सच्छिद्र पडदा) आहे म्हणजे सेफ आहे' असं सर्रास लिहिलेलं दिसतं, पण या एका नावाखाली दोन पार वेगळ्या गोष्टी येतात.

एक म्हणजे कोटिंगवाला, जो बाजारातल्या सेलमध्ये असतो. पॉलिइथिलीनची 10-20 मायक्रॉनची फिल्म आणि तिच्यावर बाइंडर (चिकटवणारा पदार्थ) घालून अॅल्युमिना किंवा बोहमाइट या सिरॅमिकच्या कणांचा दोनचार मायक्रॉनचा थर. फिल्म ताणून बनवलेली असते त्यामुळे तापली की आक्रसते, मग दोन्ही इलेक्ट्रोड टेकले की शॉर्ट. वरच्या थरात कणाला कण लागून असतो, तो तिला धरून ठेवतो. शिवाय 130 अंशांच्या आसपास पॉलिइथिलीन वितळून छिद्रं बुजतात आणि करंट थांबतो, ती सोयही राहते.

दुसरा इलेक्ट्रोस्पिनिंगचा. पीव्हीडीएफ-एचएफपी सारखं पॉलिमर विरघळवायचं, त्यातच सिलिका किंवा टायटानिया या सिरॅमिकचे नॅनोकण कालवायचे, मग 10-30 किलोव्होल्ट लावून सुईतून ओढलं की काहीशे नॅनोमीटर जाडीचे तंतू एकावर एक पडत जातात आणि कोळ्याच्या जाळ्यासारखी चटई तयार होते. कण इथे बहुतेक तंतूच्या पोटात असतात. पोकळी 60-80 टक्के, साध्या फिल्ममध्ये ती 40 च्या आसपास, म्हणून इलेक्ट्रोलाइट (आयन वाहून नेणारा द्रव) भरपूर शोषला जातो. कणांमुळे पॉलिमरची स्फटिकं नीट जमत नाहीत, मोकळा अस्ताव्यस्त भाग वाढतो, त्यात इलेक्ट्रोलाइट शिरतो आणि आयन सहज पुढे सरकतात. खरा फायदा हा, आणि तो मोठा आहे. पण कण जास्त झाले की गुठळ्या होतात, तंतूंवर मणी येतात, सुई चोंदते.

आता उष्णतेचं. तंतूत थोडेसे कण सुटेसुटे विखुरलेले असतील तर सांगाडा बनतच नाही, ताप सहन करतं ते मुख्यतः पॉलिमर. पॉलिइमाइड नावाचं पॉलिमर तर एकही कण न घालता 300 अंशांपुढे टिकतं! त्यामुळे कण भरलेल्या सेपरेटरची तुलना साध्या पॉलिइथिलीनशी करून सगळं श्रेय कणांना दिलेलं मला पटत नाही, तेच पॉलिमर कणांशिवाय शेजारी ठेवून तापवलेलं असेल तरच आकडा मानावा.

आणि ताकद? तंतू एकमेकांना नीट चिकटलेले नसतात, सेल गुंडाळताना ताण आला की चटई फाटू शकते, म्हणून ती गरम दाबून घेतात, पण जास्त दाबली की तीच पोकळी कमी होते.